आक्काचं वाक्य

बेबी रविवारी सकाळच्या बसने आली ती दोन रिकाम्या बॅगा घेऊनच. धाकटीने दार उघडून बॅगा हातात घेतल्या, तर त्या इतक्या हलक्या निघाल्या की तिचाच तोल जाता जाता राहिला. आईला चार दिवस भेटायला येणारी लेक रिकाम्या बॅगा आणत नाही, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती.

"मामी, आई कुठंय?"

"खाली दुकानात. आरसे पुसतायत."

"सुट्टीच्या दिवशी?"

"हात मोकळा राहावा म्हणून डॉक्टरांनीच सांगितलंय."

डॉक्टरांनी खरं म्हणजे रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. तो आक्काने दुसऱ्याच दिवशी खिडकीबाहेर भिरकावला आणि हातात कात्री घेतली. सहा महिने रोज सकाळी ती जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापत होती. गेल्या महिन्यात तिने बापूचे केस कापले. बापू, म्हणजे आक्काचा धाकटा भाऊ आणि धाकटीचा नवरा, घड्याळं दुरुस्त करायचा. श्वास रोखून बसायची त्याला सवय होती. केस कापून झाले तेव्हा दोन्ही कान जागच्या जागी होते आणि भांगही सरळ होता.

हात असा सावरला. बोलणं मात्र अडलं ते अडलंच. आठ महिन्यांपूर्वी आक्काच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि तिला वाचाघात झाला. हा शब्दही घरात तोवर कुणी ऐकला नव्हता. डोक्यातला विचार शाबूत, समोरच्याचं बोलणं अक्षर न् अक्षर कळतं, पण शब्द तोंडापर्यंत येता येता वाटेत हरवतो, नाहीतर त्याच्या जागी भलताच येऊन उभा राहतो. कंगव्याला चमचा, पाण्याला जिना. शिव्या आणि आकडे मात्र न अडखळता बाहेर पडत. सवयीचं, पाठ झालेलं बोलणं वेगळ्या वाटेने येतं, असं शब्दबाईंनी समजावलं होतं. शब्दबाई म्हणजे इस्पितळातल्या वाचा-उपचार करणाऱ्या बाई. आक्काकडून आठवड्यातून दोनदा बोलण्याचा सराव करून घेत, म्हणून घरात त्यांचं नाव शब्दबाई पडलं होतं.

आणि हे व्हावं ते आक्काला! जिच्या तोंडाचा पट्टा ऐकायला बायका लांबून केस कापायला यायच्या, जिने एकोणिसाव्या वर्षी वडिलांचं सलून हातात घेऊन त्याचं पार्लर केलं, एका भावाला मास्तर केलं, दुसऱ्याला हुन्नर शिकवला, दोघांनाही उठता बसता दटावलं. आता तिचं वाक्य अर्ध्यावर अडायचं आणि उरलेलं अर्धं ज्याला हवं तसं तो पुरं करून टाकायचा. आक्का "नको" म्हणाली की मास्तर झालेले नाना म्हणायचे, दुकान नको म्हणतेय. बेबी फोनवर म्हणायची, आईला तिथं राहायला नकोय. बापू म्हणायचा, तिला भाजी नको असेल.

*

दुपारी सगळे दुकानात जमले. या घरातल्या बैठका वडिलांच्या वेळेपासून दुकानातच होत आल्या होत्या, कारण सगळ्यांना पुरतील एवढ्या खुर्च्या तिथेच होत्या. नाना मधल्या फिरत्या खुर्चीत बसले. ते निवृत्त हेडमास्तर. लग्न केलं नाही, त्यामुळे त्यांना मध्येच तोडणारं असं आयुष्यात कुणी भेटलं नव्हतं, एक आक्का सोडली तर.

"मी थोडक्यात सांगतो," नाना म्हणाले, आणि बापूने सवयीने घड्याळाकडे पाहिलं. "दुकानात पूर्वी दिवसाला पंधरा-वीस बायका यायच्या. आता दोन-तीन. ज्या येतात त्या आक्काशी कशा बोलतात, धाकटे, तूच सांग."

धाकटी टॉवेलच्या घड्या करत होती. "मोठ्यांदा बोलतात," ती म्हणाली. "बहिऱ्याशी बोलावं तसं. नाहीतर आक्का समोर असताना मलाच विचारतात, यांना चहा चालतो का?"

"बघा! हा अपमान तिने का सोसायचा? बेबी न्यायला आलीय, तर चार महिने आराम करू दे. दुकान तोवर बंद."

"चार महिने नाही मामा, कायमचंच," बेबी म्हणाली. "मी खोली तयार केलीय. पूर्वेची खिडकी आहे."

आक्का कडेच्या खुर्चीत बसून एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती. तिने हात वर केला. "मला... मला... टॉवेल..."

नाना ताडकन उठले आणि धाकटीच्या हातातला टॉवेल घेऊन त्यांनी बहिणीच्या मांडीवर ठेवला. आक्काने तो बाजूला सारला.

"टॉवेल... टॉवेल नाही..."

"ओला हवाय का?" बेबीने विचारलं.

"दमली असेल," बापू पुटपुटला.

"टॉवेल नाही, गाढवांनो!" आक्का गरजली. हे वाक्य असं खणखणीत आलं की ती स्वतःच दचकली आणि मग खदखदून हसायला लागली. बापूही हसला. नानांनी मात्र चष्मा काढून पुसला. हेडमास्तर झाल्यापासून त्यांना कुणी गाढव म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात शब्दबाई आल्या. येत्या शनिवारी इस्पितळातर्फे गावच्या सभागृहात मेंदूच्या आजारांची लोकांना ओळख करून देणारा कार्यक्रम होता. फिट येणारे, कंपवात झालेले, वाचाघात झालेले लोक स्वतः आपली गोष्ट सांगणार होते. शब्दबाईंच्या यादीत एक जागा मोकळी होती. त्या सरळ आक्कासमोर स्टूल ओढून बसल्या.

"आक्का, पाच मिनिटं बोलाल का?"

"अहो, कसं शक्य आहे?" नाना मध्येच म्हणाले. "लोक हसतील."

"मी त्यांना विचारतेय," शब्दबाई गोड आवाजात म्हणाल्या.

आक्काने मान हलवली. हो. पुन्हा हलवली. हो, हो.

मग अर्धा तास वादावादी झाली. बेबीला आईचं हसं झालेलं पाहायचं नव्हतं. "चारशे लोकांसमोर ती अडकली तर? मला नाही बघवणार." नानांचं म्हणणं, सांगायचं ते नीट, मुद्देसूद सांगितलं गेलं पाहिजे. दुकानाच्या बाबतीत दोघांची फळी एक होतीच, इथेही ती तशीच राहिली. बापू नेहमीप्रमाणे दोन्हीकडे मान डोलवत होता. शेवटी त्यानेच तोडगा काढला: आक्का व्यासपीठावर बसेल आणि नाना तिच्या वतीने भाषण वाचतील. नानांची कळी खुलली. शब्दबाईंनी आक्काकडे पाहिलं. आक्काने नानांकडे अशी काही नजर टाकली की एरवी त्यांनी खुर्चीच बदलली असती, पण ते मनातल्या मनात भाषणाची सुरुवात जुळवायला लागले होते.

धाकटी यात एक शब्द बोलली नाही. बोलायला हवं होतं, हे तिला कळत होतं. घरात आक्काचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणारी ती एकटीच होती. बावीस वर्षं हाताखाली काम केलं, बावीस वर्षं बोलणी खाल्ली, त्यामुळे आक्काच्या चेहऱ्यावर शब्द कुठवर आलाय हे तिला दिसायचं. कुठल्याही वाक्याला ती थांबायची. फक्त एक सोडून.

ते एक वाक्य आक्काने त्या संध्याकाळी पुन्हा सुरू केलं. सगळे वर गेले होते. आक्काने धाकटीचं मनगट धरलं.

"तू... हस... हसलीस."

धाकटीने जिन्याकडे पाहिलं.

"त्या... दिवशी... तू... हसलीस... आणि..."

"आक्का, दूध ठेवलंय गॅसवर," धाकटी म्हणाली आणि हात सोडवून जिना चढून गेली. दूध सकाळीच तापवून ठेवलं होतं.

त्या दिवशी ती खरंच हसली होती. मंगळवार होता. सकाळचे साडेदहा. बँकेतली कॅशियर खुर्चीत बसली होती आणि आक्का तिला म्हणाली, "तुमचे केस आज इस्त्रीत उकळू का?" कॅशियर हसली, धाकटीही हसली. आक्काच्या हातून कंगवा पडला. तिने उचलला, पुन्हा पडला. "आज अगदी रंगात आहात आक्का," धाकटी म्हणाली होती. तोंड एका बाजूला किंचित ओढल्यासारखं दिसलं, तेही तिला आक्काचं नेहमीचं वेडावणं वाटलं. मग आक्का जरा पडते म्हणून मागच्या खोलीत गेली. इस्पितळात पोचायला दुपारचे चार वाजले. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देतात, आणि तेही जितकं लवकर तितकं बरं. डॉक्टर रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं धाकटीला पुढे कितीदा वाटलं. ती हसली होती ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती, बापूलाही नाही. ती माहीत होती फक्त आक्काला, आणि आक्काला बोलता येत नव्हतं.

*

शनिवारी सभागृह भरून वाहत होतं. दाराशीच एक तरुण इंजिनिअर जमिनीवर आडवा पडून, फिट आली तर काय करायचं ते दाखवत होता. "कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर लगेच इस्पितळ. आणि कृपा करून माझ्या तोंडात चमचा कोंबू नका, मागच्या वेळी दात गेलाय." लोक हसत होते आणि वाकवाकून बघतही होते. कंपवात झालेले एक वयस्क शिंपी थरथरत्या हाताने सुईत दोरा ओवत होते. तिसऱ्या खेपेला ओवला तेव्हा टाळ्या पडल्या. "टाळ्या नकोत," ते म्हणाले, "बटणं घेऊन या."

धाकटी दुसऱ्या रांगेत बापू आणि बेबीच्या मध्ये बसली होती. व्यासपीठावर आक्का होती. निळी साडी, केस स्वतःच बसवलेले. नाना चार पानं घेऊन उभे राहिले.

सुरुवात बरी झाली. वाचाघात म्हणजे काय, तो कशाने होतो. पण दुसऱ्या पानावर नानांच्या अंगात हेडमास्तर संचारला. "जिच्या शब्दाला एके काळी धार होती, ती माझी थोरली बहीण आज एखाद्या लहान मुलासारखी, असहाय, आपल्या आधाराची वाट पाहत..."

"बस!" आक्का म्हणाली.

माइक नसतानाही ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. नाना वळले. आक्का उठून त्यांच्यापाशी आली आणि तिने हात पुढे केला. साठ वर्षांत नानांनी त्या हाताला कधी नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी माइक दिला आणि पानं छातीशी धरून ते तिच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले.

"मी," आक्का म्हणाली. "मी... लहान..." बराच वेळ गेला. "...नाही."

हशा आणि टाळ्या. आक्काने त्या थांबेपर्यंत वाट पाहिली. मग तिने तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. पाच सेकंद. दहा सेकंद. चारशे माणसं चुळबुळायला लागली. "पाणी द्या त्यांना!" मागून कुणीतरी ओरडलं. "धन्यवाद म्हणायचंय का?" पुढच्या रांगेतल्या बाईंनी हात उंचावून विचारलं.

"थां... बा," आक्का म्हणाली.

लोक थांबले. बेबीने डोळे मिटून घेतले होते. धाकटीला आक्काचा चेहरा दिसत होता, शब्द कुठवर आलाय तेही दिसत होतं, आणि कोणता शब्द येतोय तेही तिला कळलं.

आक्काने बोट उचललं आणि दुसऱ्या रांगेकडे रोखलं.

"ती... माझी... त्या दिवशी... ती... हसली."

चारशे माणसांनी माना वळवल्या. बापू गोंधळून बायकोकडे पाहायला लागला. बेबीने डोळे उघडले. दार डावीकडे होतं, मध्ये फक्त सहा खुर्च्या. धाकटीने दाराकडे पाहिलं. उठली. पण पाय दाराकडे वळले नाहीत.

"हो," ती म्हणाली. मागे ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा मोठ्यांदा म्हणाली, "हो, मी हसले होते. त्यांचे शब्द चुकत होते, हातातून कंगवा पडत होता, तोंड ओढलं गेलं होतं. मला वाटलं, गंमत करतायत. साडेपाच तास गेले." तिने पदराने नाक पुसलं. "बोला आक्का. पुढे बोला. मी थांबलेय."

आक्काने बोट खाली घेतलं.

"मी..." आक्का म्हणाली. तिच्या ओठांनी दोनदा वेगळाच आकार घेतला, तिने मान झटकून तो शब्द हाकलला. "मी... पण... हसले... असते."

धाकटी उभीच होती.

"तू... माझ्या... जागी..." आक्काने दोन्ही हातांनी अदलाबदल करून दाखवली. "मी... हसलेच असते. कुणाला... माहीत... नव्हतं." मग ती समोरच्या गर्दीकडे वळली आणि एकेक बोट मोजू लागली. आकडे न अडता आले आणि आकड्यांच्या आधाराने शब्दही आले. "एक. तोंड... वाकडं. दोन. हात... ढिला. तीन. शब्द... चमचा." तिने स्वतःच मान हलवली. "...चुकला. चार. पळा! इस... इस्पितळ. मग..." ती हसली, तेच जुनं, सगळ्या दुकानाला हसवणारं हसू. "मग... हसा."

टाळ्या सुरू झाल्या तेव्हा बापू मनगटाकडे पाहत होता. "तीन मिनिटं चाळीस सेकंद," तो म्हणाला, आणि मग त्याने बायकोला खाली बसवून तिचा हात आपल्या हातात घेतला. "मला का नाही सांगितलंस, वेडे?" एवढंच त्याने विचारलं. धाकटी रडत होती, हसतही होती, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिला भूक लागल्यासारखं वाटत होतं.

कार्यक्रम संपल्यावर आक्काभोवती बायकांचा गराडा पडला. बँकेतली कॅशियरही त्यात होती. आता कुणी ओरडून बोलत नव्हतं. उलट सगळ्या इतक्या गप्प राहून वाट बघत होत्या की शेवटी आक्काच वैतागली. "बोला... की!" ती म्हणाली.

नाना बराच वेळ खुर्चीतच बसून होते. धाकटी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेली.

"तिसऱ्या पानावर दोन वाक्यं फार चांगली होती," ते म्हणाले. मग चहा घेतला. "तुला म्हणून सांगतो धाकटे, आक्का आजारी पडल्यापासून मी तिच्याशी बोललोच नाही गं. नुसता तिच्याविषयी बोलत होतो."

"सोमवारपासून दुकानात येऊन बसा," धाकटी म्हणाली.

"येईन. पण दुकान बंद करायचं ठरलंय ना?"

"कुणाचं ठरलंय?" धाकटीने विचारलं. हा प्रश्न तिने या घरात पहिल्यांदाच विचारला होता. नानांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "कुणाचंच नाही."

बेबी दाराशी उभी होती. "मामी, खरं सांगू? फोनवर आई गप्प झाली की मला फार भीती वाटते. म्हणून मी एकटीच भराभरा बोलत सुटते आणि ठेवून देते. तिला नेलं असतं तर तिथंही तेच केलं असतं मी."

"मग आता काय करशील?"

"माहीत नाही. थांबायला शिकेन. तुला किती दिवस लागले?"

"मी कालपर्यंत जिन्यावरून पळत होते," धाकटी म्हणाली.

*

बेबी सोमवारी दुपारच्या बसने परत निघाली. सोडायला धाकटी आणि आक्का दोघीच गेल्या, कारण नानांना गल्ल्यावर बसवून बापूला त्यांच्यावर लक्ष ठेवायला ठेवलं होतं. सकाळपासून सात बायका येऊन गेल्या होत्या.

बेबी खिडकीशी बसली. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. तेवढ्यात आक्काने खिडकीच्या दांडीला हात घातला आणि लेकीकडे पाहिलं.

"तुझ्या..." ती म्हणाली आणि अडली.

कंडक्टरने शिटी तोंडात धरली. धाकटी पुढे झाली आणि तिने बसच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. "थांबा जरा. बोलतायत त्या."

"मावशी, वेळ झालीय..."

"डोक्यात तयार आहे त्यांच्या. फक्त बाहेर यायचंय. अर्धं मिनिट."

ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. काय वाटलं कोण जाणे, त्याने इंजिन बंद केलं. खिडक्या-खिडक्यांतून डोकी बाहेर आली. एक बाई मांडीवरच्या बाळाला शांत करत होती, तीही ऐकायला वाकली. बेबीने आईच्या हातावर हात ठेवला होता. ती काही सुचवत नव्हती, काही विचारत नव्हती, फक्त पाहत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते.

"तुझे... केस..." आक्का म्हणाली. तिने श्वास घेतला. सगळ्या बसने घेतला. "...कापतो... कोण? त्याला... सांग. धंदा... बदल... म्हणावं!"

अख्खी बस हसली. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत होता, कंडक्टरच्या तोंडातली शिटी हसता हसताच वाजली, आणि बस निघाली तेव्हा बेबी एका हाताने डोळे पुसत, दुसऱ्या हाताने मागचे केस चाचपून बघत होती.